राखणदाराची जागा आधी की प्रकल्पाचा नकाशा?

सत्तरीकर
गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या गुळेली पंचायतीत, शेळ-मेळावलीला आयआयटीसाठी जागा ठरली, मोजणीला माणसं आली आणि लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२१मध्ये पोलिसांशी झटापट झाली आणि त्याच महिन्यात सरकारने प्रकल्प तिथून हलवला. काजूच्या बागा, देवाच्या जागा, सगळं लोक ओरडून सांगत होते, पण नकाशा आधीच झालेला. माझं म्हणणं एवढंच, की जागा निवडण्याआधी गावच्या माणसांना बरोबर घेऊन जमीन पायी फिरा आणि लिहून काढा. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचं, नाव नसतं. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत सांस्कृतिक महत्त्वाच्या जागांबद्दल विचारलेलं आहे, पण ते भरून देणारा सल्लागार प्रकल्पवाल्याच्याच पैशांवर काम करतो.

फोंडेकर
आणि आयआयटी? २०१६पासून आमच्या फर्मागुडीत अभियांत्रिकी कॉलेजच्या आवारात दिवस काढतेय. सत्तरीकर बाब, मोजणीवाला दिसला की दगडाला शेंदूर लागतो, हे तुम्हालाही माहीत आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांची पाहणी आहेच. त्यावर आणखी एक अहवाल म्हणजे आणखी एका सल्लागाराची सोय.

सत्तरीकर
शेंदूर रात्रीत लागतो, देवराई नाही. आमच्या सत्तरीत बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, बघून या. चिखलातून वर आलेली जायफळाच्या जातीच्या झाडांची गुडघ्यासारखी मुळं दिसतील. देवाच्या धाकाने कुणी कुऱ्हाड लावली नाही, म्हणून ती दलदल उरली. खरं-खोटं पारखता येतं हो, पारखायची इच्छा हवी.

केप्याची
तुमच्या भांडणात एक गोष्ट राहतेय. पाहणीवाला गावात आला की बसणार कुठे? देवळाच्या समितीकडे. १९३३च्या देवस्थान कायद्याखाली नोंद महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांची, म्हणून बोलणारही तेच. आम्ही गावडे, इथले आदिवासी. आमच्या वाड्यावर धालोचा मांड आहे, बायकांच्या नाचगाण्याची पवित्र जागा. पौषात बायका शेणाने सारवतात, रात्री समोरासमोर रांगा धरून गातात-नाचतात. एरवी तिथे काय दिसतं? मोकळं अंगण, एखादी गाय बांधलेली. मे महिन्यात आलेला माणूस ‘पडीक’ लिहून मोकळा होईल. राय तरी डोळ्यांना दिसते, मांड दिसत नाही. तेव्हा पाहणी करा, पण बायकांना विचारून करा.

फोंडेकर
बाय, तुझा मुद्दा पटला आणि भीतीही तीच आहे. दिसत नाही तेही नोंदवायचं म्हटलं तर ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात मोकळी जागा उरेल का? शेवटचा शब्द कुणाचा?

सत्तरीकर
ग्रामसभेचा. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशात नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांवरच सोपवला. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही बॉक्साईटच्या खाणीला नाही म्हणाल्या. ओडिशा काही बुडाली नाही.

फोंडेकर
ते वनहक्क कायद्यामुळे झालं. आपल्याकडे त्याच कायद्याखालचे दावे वर्षानुवर्षं पडून आहेत. आधी ते संपवा, नवी पाहणी कशाला?

केप्याची
दावे निकालात निघावेत, हे तर हवंच. पण मांड जंगलात नाही, वाड्यात आहे. वनहक्काच्या कुठल्या अर्जात लिहू तो?

फोंडेकर
हं. त्याला अर्ज नाही, हे खरं. पण अर्ज काढायचाच तर मुदत घाला. सहा महिन्यांत पाहणी संपली नाही तर काम सुरू. यावर सत्तरीकर सही करतील का, ते आधी सांगा.