पत्रात नाही म्हणून प्रेम नव्हतं?

पहिल्या महायुद्धात एकमेकांच्या जवळ असलेल्या ब्रिटिश शिपायांबद्दल म्हटलं जातं, ‘पत्रांत प्रेमाचा शब्द नाही, म्हणजे ते निव्वळ सोबती होते’. हे अनुमान मला पटत नाही. त्या युद्धात शिपायाचं पत्र त्याचाच अधिकारी वाचायचा. खासगी पत्रासाठीचं खास हिरवं पाकीट मिळालं तर पलटणीतली नजर चुकायची, पण तळावर ते फोडलं जाऊ शकायचं. अशा वेळी, आणि त्यातही पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम गुन्हा असताना, कोण मोकळेपणी लिहील?

शोकालाही जागा नव्हती. युद्धात पडलेल्या शिपायाच्या थडग्यावरच्या खासगी ओळीसाठी जास्तीत जास्त ६६ अक्षरं, मोकळ्या जागा धरून. आणि ती ठरवायचा हक्क नोंदलेल्या वारसाचा. खंदकात शेजारी झोपणाऱ्याला कुणी विचारतच नसे. म्हणून थडग्यांवर आईबाप, बायको दिसतात. तो दिसत नाही.