मदत हवी आहे: खाडीत वापरलेल्या बेटकास्टिंग रीलची देखभाल आणि नव्या रीलची निवड

जाणकारांना नमस्कार.

मी बेलापूरला राहतो आणि दिवाळे-बेलापूरच्या खाडीकाठावर, तसेच सुटीच्या दिवशी उरणच्या बाजूला करंजाला, लूअर (कृत्रिम आमिष) टाकून जिताडा मासा गरवतो. अभयारण्याची हद्द आणि कोळी बांधवांच्या होड्या लागण्याच्या जागा सोडूनच उभा राहतो, त्यामुळे ती चर्चा येथे नको. माझा प्रश्न केवळ रीलचा आहे.

काठावरून गरवणारी बहुतेक मंडळी स्पिनिंग रील वापरतात आणि त्यांचे उत्तम चालते, हे मला मान्य आहे. तरीही मी बेटकास्टिंग रील, म्हणजे फेकताना ज्यातले दोरीचे चाक (स्पूल) फिरते असे रील, धरून आहे, कारण तिवरांच्या मुळांना खेटून लूअर पाडायचा असेल, तर फिरत्या स्पूलवर अंगठा टेकवून त्याला हवेतच आवरता येते, आणि मासा मुळांकडे घुसू लागला की त्याच अंगठ्याने दोरी रोखता येते. माझ्याकडचे रील एका नातेवाइकांनी अमेरिकेहून आणले. ते तेथल्या लार्जमाउथ बाससाठी, म्हणजे तळ्या-धरणांतल्या गोड्या पाण्यातल्या माशासाठी बनवलेले लो-प्रोफाइल (कमी उंचीचे, चपटे) रील आहे. त्याची चौकट अॅल्युमिनियमची, बाजूच्या झाकणाचा काही भाग ग्रॅफाइटचा, गिअरचे प्रमाण ६.३ : १ (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे ६.३ फेरे) आणि ब्रेक चुंबकीय आहे. त्यावर ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे जाड लीडर (लूअरजवळचा दोरीचा तुकडा) लावतो, कारण जिताड्याच्या गालफडाची कड सुरीसारखी चालते.

गेल्या पावसाळ्यानंतर हे रील एका दुकानात सर्व्हिसिंगला दिले होते. परत आल्यापासून तीन तक्रारी आहेत. पहिली, लूअर पूर्वीपेक्षा बराच अलीकडे पडतो, ब्रेक शून्यावर आणला तरीही. दुसरी, मासा लागल्यावर रॉडला झटका दिला की हँडल कधी कधी उलटे सरकते आणि मग पकडते. तिसरी, गुंडाळताना दोरी वाटणारा मार्गदर्शक उजव्या टोकाला पोहोचला की करकर ऐकू येते आणि हाताला खरखर जाणवते. डाव्या टोकाला तसे होत नाही. दुकानदारांचे म्हणणे असे की खाऱ्या पाण्यात हे रील इतकेच टिकते आणि नवे घ्यावे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे रील घरी उघडून दुरुस्त होण्यासारखे आहे का, आणि कोणत्या भागाला तेल, कोणत्या भागाला ग्रीस लावायचे? आणि नवे घ्यायचेच झाले, तर खाडीसाठी चौकट, गिअरचे प्रमाण आणि ब्रेक यांपैकी कशाला महत्त्व द्यावे? बेअरिंगची संख्या पाहून रील घेऊ नये एवढे मला कळते. त्यापलीकडचे कोणी नीट सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

नमस्कार. तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन खाऱ्या पाण्यामुळे झालेल्या नाहीत, त्या ग्रीसमुळे झालेल्या आहेत, असे लक्षणांवरून वाटते.

स्पूलच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगांत घट्ट ग्रीस भरले की स्पूल मोकळे फिरत नाही आणि मग ब्रेक कितीही कमी केला तरी फेक लांबत नाही. खात्री करायची असेल, तर अंगठ्याची पट्टी दाबून स्पूल मोकळे करा, बाजूची ताणाची चकती सैल करा आणि बोटाने स्पूलला हलकी टिचकी द्या. ते आवाज न करता, पण लवकर थांबत असेल, तर ग्रीस दाटले आहे. किरकिरत थांबत असेल, तर बेअरिंगमध्ये मीठ किंवा गंज आहे. दोन्ही बेअरिंगे काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि प्रत्येकी पातळ तेलाचा एकच थेंब घाला. रीलचे खास तेल मिळाले नाही, तर शिलाई मशीनचे पातळ तेल चालते. खोबरेल तेल मात्र कृपया कोणी सुचवू नये. थंडीत ते गोठते हे आपल्या सगळ्यांच्या न्हाणीघरात सिद्ध झालेले आहे.

हँडल उलटे सरकते, त्याचे कारण हँडलच्या दांड्यावर बसलेले एका दिशेने फिरणारे रोलर बेअरिंग. त्यातले बारीक रोलर दांड्याला चिमटून धरतात, म्हणून हँडल मागे फिरत नाही. तेथे जाड ग्रीस गेले की रोलर वेळेवर चिमटत नाहीत आणि झटका दिला की घसरतात. हा भाग अल्कोहोलने कोरडा पुसून त्यावर पातळ तेलाचा नुसता हात फिरवायचा असतो. तुमच्या दुकानदारांनी ग्रीसची नळी हातात धरून दिसेल त्या भागाला अभिषेक केलेला दिसतो.

ग्रीस हवे असते ते मुख्य गिअरला आणि पिनियनला (त्याला जुळणाऱ्या छोट्या गिअरला), तेही दात झाकतील एवढेच. ड्रॅगच्या (मासा जोरात ओढू लागला की दोरी आवरत सोडणाऱ्या यंत्रणेच्या) चकत्या कार्बनच्या असतील, तर त्यांना ड्रॅगसाठीचे वेगळे ग्रीस पातळ थरात लावतात. साधे ग्रीस लावल्यास ड्रॅग धक्के देत सुटतो. डब्ल्यूडी-४० हा येथे सगळ्यांचा लाडका उपाय आहे, पण ते आतले ग्रीस धुऊन काढते आणि स्वतः वंगण म्हणून फार काळ टिकत नाही.

तिसरी तक्रार मात्र खरोखर खाडीची आहे. मार्गदर्शकाला डावी-उजवीकडे नेणारा आडवा आट्यांचा दांडा आणि त्यात बसलेली छोटी जीभ हा रीलचा सर्वांत उघडा भाग. ओल्या ब्रेडबरोबर येणारे खारे पाणी आणि गाळ थेट तेथे पडतो. एकाच टोकाला करकर होते, याचा अर्थ त्या टोकाच्या वळणावर मिठाचा थर असेल किंवा जीभ झिजली असेल. जीभ धरून ठेवणारे झाकण काढा, जीभ बाहेर घ्या, दांडा मऊ ब्रशने कोमट पाण्याने आणि मग अल्कोहोलने साफ करा. जिभेचे टोक एका अंगाने बोथट झालेले दिसले, तर ती बदला. दांड्याच्या मानाने तो फार स्वस्त भाग असतो आणि म्हणूनच तो आधी झिजेल असा बनवलेला असतो. बसवताना त्यावर पातळ तेल द्या. ग्रीस दिल्यास त्यात रेती चिकटून राहते.

उघडताना प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो काढा, आणि सी-क्लिप काढताना रील व दोन्ही हात मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवा. ती क्लिप उडाली की फरशीवर सापडत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत. एक भर घालतो. स्पूलच्या बेअरिंगला गंज धरला असेल, तर धुण्यात वेळ घालवू नका. पुष्कळ रीलमध्ये ३ × १० × ४ मिलिमीटरचे बेअरिंग असते, त्याचा प्रचलित क्रमांक ६२३. मात्र आधी कॅलिपरने मोजून घ्या, कारण काही रीलमध्ये दोन बाजूंना दोन मापे असतात. मस्जिद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगवाल्यांकडे चौकशी करा आणि स्टेनलेसच मागा. सिरॅमिक गोळ्यांची बेअरिंगे आवाज फार करतात. खाडीत त्यांचा एवढा सोस कशाला, हे मला कधी समजले नाही.

आता निवड. मी ठाण्यात राहतो, गायमुखच्या बाजूला गरवतो, आणि माझे मत असे की खाडीसाठी रील घेताना ते किती सहज उघडते हे सर्वांत आधी पाहावे. जिताडा ताकदवान आहे, पण चांगल्या बास रीलचे गिअर त्याला पुरतात. रील मरते ते मिठाने. म्हणून ज्या रीलचे बाजूचे झाकण अवजाराशिवाय निघते आणि ज्याचे सुटे भाग मिळतात, ते महागड्या, न उघडता येणाऱ्या रीलपेक्षा जास्त वर्षे चालते. स्वीडनच्या आबू कंपनीचे गोल आकाराचे अॅम्बॅसडर रील अजून लोक का वापरतात, याचे उत्तर बरेचसे याच गोष्टीत आहे: अंगठ्याने फिरवायचे तीन स्क्रू काढले की ते उघडते. हातात ते जड आणि उंच वाटते, दिवसभर लूअर फेकायचा असेल तर मनगटाला जाणवते, हा त्याचा दोष.

चौकटीबाबत म्हणाल, तर मॅग्नेशियम टाळा. ते हलके असते, पण मुलाम्याला ओरखडा गेला की खाऱ्या पाण्यात झपाट्याने खाल्ले जाते. अॅल्युमिनियम चालते, मात्र स्टीलचा स्क्रू जेथे त्यात बसतो तेथे पांढरी पूड धरते. त्या आट्यांना किंचित मरीन ग्रीस लावून ठेवा. ग्रॅफाइट गंजत नाही, पण मोठ्या माशाच्या ओढीत लवते आणि गिअर एकमेकांवर नीट बसत नाहीत. मुख्य गिअर पितळी असावा.

ब्रेकचे दोन मुख्य प्रकार. चुंबकीय ब्रेकमध्ये अॅल्युमिनियमचे स्पूल चुंबकाजवळ फिरताना त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच फिरण्याला विरोध करतो. बाहेरच्या चकतीने तो चटकन कमी-जास्त करता येतो. केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये छोटे गुटके वेगामुळे बाहेर सरकून कडेवर घासतात. त्याचा जोर फेकीच्या सुरुवातीला खूप असतो आणि शेवटी झपाट्याने ओसरतो, त्यामुळे जड लूअर लांब जातो. आपल्याकडे पावसाळ्याच्या आगेमागे पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, लूअर हवेत अडतो आणि स्पूल मात्र फिरतच राहते. गुंता होतो तो तेव्हा. वाऱ्यात पटकन बदल करायचा असेल, तर चुंबकीय ब्रेक सोयीचा. डीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या (डिजिटल कंट्रोल) ब्रेकला बॅटरी लागत नाही, स्पूलच्या फिरण्यातूनच त्याची वीज तयार होते, आणि तो गुंता खरोखर कमी करतो. पण घरी उघडण्याचे रील म्हणून मी तो सुचवणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे रील उघडले. स्पूलच्या दोन्ही बेअरिंगांत पिवळे ग्रीस ठासून भरलेले होते आणि जिभेचे टोक एका बाजूने स्पष्ट झिजलेले आहे. बेअरिंगे आणि रोलर साफ केल्यावर फेक पूर्ववत झाली आहे, हँडलही सरकत नाही. जीभ मागवली आहे. नवे रील आता सावकाश घेईन. दोन शंका राहतात: गिअरचे प्रमाण ६.३ ठेवावे की ८ च्या वर जावे, आणि खाडीवरून आल्यावर रील धुण्याची बरोबर रीत कोणती?

प्रतिसाद २

प्रमाण एकट्याने काही सांगत नाही; एका फेऱ्यात किती दोरी येते ते पाहा. भरलेल्या स्पूलचा व्यास ३४ मिलिमीटर धरला, तर ६.३ च्या रीलवर एका फेऱ्यात साधारण ६७ सेंटिमीटर दोरी येते आणि ८.१ च्या रीलवर साधारण ८६. जिताड्याला लूअर थांबत-थांबत, सावकाश दाखवायचा असतो, म्हणून मी ६.३ च पसंत करतो. जलद रीलवर हात आपोआप घाई करतो.

प्रतिसाद १

येथे माझे मत वेगळे आहे. मासा तोंडात लूअर घेऊन आपल्याच दिशेने धावला किंवा उसळला, की ढिली दोरी झटपट गोळा करावी लागते, आणि तिवरांजवळ त्या क्षणालाच सारे ठरते. मी ७ च्या आसपासचे प्रमाण घेईन. ८ च्या वर मात्र ओढताना हँडल जड लागते.

धुण्याबद्दल: आधी ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे चकत्यांत पाणी शिरत नाही. मग नळाच्या मंद धारेखाली, किंवा तळहाताने पाणी सोडून, बाहेरून धुवा. जोराची धार आणि बादलीत बुडवणे दोन्ही टाळा, कारण त्याने बाहेरचे मीठ आत ढकलले जाते. ब्रेडने शोषलेले खारे पाणी स्पूलवरच राहते, म्हणून स्पूल काढून वेगळे धुणे चांगले. पाणी झटकून, मऊ फडक्याने पुसून, सावलीत पंख्याखाली वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून चिकटतात. मार्गदर्शकाच्या दांड्याला तेलाचा एक थेंब द्या. पावसाळ्यात रील बंद डब्यात ठेवायचे असेल, तर त्यात सिलिका जेलची पुडी टाका. ओले रील मात्र कधीही डब्यात बंद करू नका.