उत्तर: उत्तर: निवेदकांची सूचना (तातडीचं, गुरुवारपर्यंत)

कार्यवाह, मंगळवार, रात्री 10.40

नमस्कार मंडळी,
कार्यक्रमाची पत्रिका गुरुवारी संध्याकाळी छपाईला जातेय आणि निवेदक एकही नाही. तिघांनी नावं दिली होती, तिघांनीही कालपासून माघार घेतली. कारण कोणी लिहिलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक आहे. "शुद्ध मराठी बोलणाऱ्यांनीच नावे द्यावीत" ही सोमवारच्या सूचनेतली ओळ समितीची आहे, त्यावर नंतर सविस्तर बोलू. आधी दोन नावं द्या. आणि हॉलची किल्ली कोणाकडे आहे?

अण्णा, मंगळवार, रात्री 11.15

किल्ली माझ्याकडे आहे.
ओळ मी लिहिली आणि तिच्यात काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. गेल्या वर्षी "नेक्स्ट परफॉर्मन्स आहे आपल्या लिटल मुलांचा" हे सगळ्यांनी ऐकलं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा याच हॉलमध्ये आपण पेढे वाटले. मग वर्षातून एका संध्याकाळी शुद्ध बोला म्हटलं तर एवढं काय बिघडलं? साहित्य महामंडळाचे नियम 1962 पासून आहेत, ते सगळ्यांना सारखेच.

नागपूरच्या वहिनी, बुधवार, सकाळी 7.05

अण्णा, महामंडळाचे ते नियम लिहिण्याचे आहेत. अनुस्वार कुठे द्यायचा, ऱ्हस्व-दीर्घ कसं लिहायचं, एवढंच. कोणी 'ण' कसा म्हणावा याचा त्यात एक शब्द नाही.

माघार घेतलेल्यांत माझी मुलगी आहे, म्हणून लिहिते. ती मराठी शिकली माझ्या आईकडून, दर रविवारी फोनवर. आई यवतमाळकडची. ती 'डोळा'ला 'डोया' म्हणते, 'काळा'ला 'काया'. मुलीच्या तोंडीही तेच बसलंय. सोमवारी ती ओट्याशी उभी राहून निवेदनाचा कागद वाचत होती आणि तेवढ्यात फोनवर सूचना आली. पडद्यावर दिसते फक्त पहिली ओळ. इंग्रजी शब्द टाळावेत, मजकूर आम्ही तपासून देऊ, हे सगळं खालच्या ओळीत होतं, ते तिनं उघडलंच नाही. मला म्हणाली, "आई, आजी अशुद्ध बोलते का गं?" कागदाची घडी घालून चमच्यांच्या खणात ठेवली. अजून तिथेच आहे.

घोळ 'शुद्ध'नं केला, पण त्याहून जास्त 'च'नं केला. "शुद्ध बोलणाऱ्यांनी नावे द्यावीत" असं असतं तर निदान चर्चा झाली असती. "बोलणाऱ्यांनीच" म्हटलं की वाचणारा आधी एकच बघतो: मी आत की बाहेर? मग तो पुढचं वाचत नाही. जो आत असतो तो बचाव करायला धावतो, जो बाहेर असतो तो मानी असेल तर गप्प निघून जातो. कालच्या सतरा पत्रांत निवेदकाबद्दल एक वाक्य नव्हतं. कोण कुठल्या गावचा, यावरच सगळी संपली.

मालवणचे दादा, बुधवार, सकाळी 9.30

वहिनींशी सहमत. आमच्या घरी 'मला'चं 'माका' होतं, म्हणून ते काही कमी मराठी नाही. मोल्सवर्थ आणि कँडी या इंग्रज साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आला, दुसरी आवृत्ती 1857 मध्ये. पुढे शाळेची पुस्तकं कँडीसाहेबांच्या नजरेखालून जायची, आणि मदतीला पुण्याकडची शास्त्रीमंडळी. तिथलं बोलणं प्रमाण ठरलं, बाकीच्यांना बोली हे नाव मिळालं. एवढाच तो इतिहास.

बाय द वे, माइकच्या बॅटऱ्या मीच आणतो दर वर्षी. यंदा दुसऱ्या कोणी त्यांना हात लावू नये.

अण्णा, बुधवार, सकाळी 10.02

दादा, पुण्यावरून टोमणा मारायचं कारण नव्हतं. मी साताऱ्याचा आहे.

मालवणचे दादा, बुधवार, सकाळी 10.20

टोमणा नव्हता अण्णा, कोशाबद्दल लिहिलं होतं. तुमचं गाव माझ्या डोक्यातही नव्हतं.

अण्णा, बुधवार, दुपारी 12.50

ठीक आहे. मी दोनदा वाचलं, त्यात माझ्याबद्दल काही नाही. आधी वाचलं तेव्हा फक्त 'पुणे' हा एक शब्द दिसला, आणि इथे कोणीही पुणं काढलं की ते माझ्यावरच आहे असं मला वाटतं.

मला काय म्हणायचं होतं ते आता लिहितो. माझा नातू मला 'हाय आजोबा' म्हणतो आणि पुढे इंग्रजी सुरू. माझ्याशी मराठीत बोलेल असं त्याच्या पिढीत कोण उरणार, ही धास्ती आहे. ती त्या ओळीत आली. वहिनींच्या मुलीकडून मी नऊ वर्षं शाळेच्या वर्गात कविता पाठ करून घेतल्या. तिला बाहेर ठेवायचं माझ्या मनात येणं शक्य नाही.

नागपूरच्या वहिनी, बुधवार, दुपारी 1.30

अण्णा, हे तुम्ही सोमवारी लिहिलं असतं तर आज तीन निवेदक असते. नातवाबद्दलची काळजी माझ्या घरातही आहे, दादांच्या घरातही असेल. तिच्यावर कोणी भांडलं नसतं.

नवी ओळ अशी द्या: "निवेदन मराठीत हवं, इंग्रजी शब्द शक्यतो टाळूया. ज्या गावचं मराठी घरी बोलता, त्यात बोला. मजकूर बसवायला अण्णा मदत करतील." पहिल्याच ओळीत द्या, फोनवर तेवढंच दिसतं.

मुलीला मी काही सांगणार नाही. तुम्ही फोन करा.

कार्यवाह, बुधवार, दुपारी 3.15

नवी ओळ आत्ता पाठवली, 'च' काढून. दोन नावं अजून हवीतच.

अण्णा, बुधवार, संध्याकाळी 6.40

फोन केला. सुरुवातीला ती हो-नाही करत होती. मी तिला 'डोया' म्हणून दाखवायला सांगितलं, तर म्हणाली, "आजोबा, आधी तुम्ही म्हणा." मला चार वेळा म्हणावं लागलं. तिचं नाव पत्रिकेत घाला. दुसरं नाव कोणाचं?

मालवणचे दादा, बुधवार, रात्री 8.10

माझ्या धाकट्याला विचारतो. हॉल चारला उघडा, माइक लावायला वेळ लागतो.