अल्युमिना ग्राइंडिंग: फोर्सचं मॉडेल आणि डायनामोमीटर जुळत नाहीत

भोसरी_शॉपफ्लोअर
भोसरीत सरफेस ग्राइंडरवर ९९.५ टक्के अल्युमिना सिरॅमिकच्या प्लेटा. रेझिन बाँड डायमंड व्हील २०० मिमी, वेग ३० मी/से, टेबल ६ मी/मिनिट, इनफीड (दर पासला व्हील खाली उतरतं ती खोली) १० मायक्रॉन, रुंदी १० मिमी. मर्चंटच्या शिअर प्लेन मॉडेलने काढलेल्या आकड्यापेक्षा डायनामोमीटरवर (फोर्स मोजायचं यंत्र) नॉर्मल फोर्स, म्हणजे व्हील जॉबवर लंब दाबतं तो, कितीतरी जास्त येतो. इनफीड निम्मा केला तरी कडा उडतात. चुकतंय कुठे?

कोथरूड_ट्रायबो
मर्चंट सोडाच, तो सलग चिप सुटणाऱ्या धातूचा. इथे डायमंडचा कण आधी रुततो. मग लॅटरल तडे पृष्ठभागाखाली आडवे पसरून कपची उडवतात, आणि मेडियन तडे सरळ खाली उतरून जॉबची ताकद खातात.

आधी चिपची जाडी काढा. बिफानोच्या १९९१च्या सूत्राने क्रिटिकल डेप्थ (याहून पातळ चिप तडे न जाता, डक्टाइल म्हणजे धातूसारखी सुटते) = ०.१५ × (ई/एच) × (के/एच)². ई (लवचिकता गुणांक) ३८०, एच (कठीणपणा) १६ गिगापास्कल, के (तडा रोखायची ताकद) ४ मेगापास्कल√मीटर धरला तर ०.२२ मायक्रॉन. दर चौ. मिमीला १० कापणारे कण आणि चिपच्या रुंदी-जाडीचं गुणोत्तर १० धरलं, तर तुमची जाडी जवळपास १ मायक्रॉन.

जाडी टेबल फीडच्या वर्गमुळाने बदलते, इनफीडच्या मात्र चौथ्या मुळाने. इनफीड निम्मा केल्याने १६ टक्केच घटली. फीड निम्मा केला असता तर २९ टक्के. पूर्ण डक्टाइलला फीड ०.३ मी/मिनिटवर आणावा लागेल, ते धंद्यात परवडत नाही. रफिंग तडे धरूनच करा, शेवटचे पास हळू फीडने.

चिंचवड_टूलरूम
१० मायक्रॉन दिले म्हणजे १० कापले गेले असं मॉडेलमध्ये धरू नका. स्पिंडल-टेबलचा कडकपणा १० न्यूटन/मायक्रॉन आणि नॉर्मल फोर्स ५० न्यूटन असेल, तर व्हील ५ मायक्रॉन मागे सरतं. पहिल्या पासला ५ मायक्रॉनच निघतात, बाकीचे पुढच्या पासांवर साचतात. प्रत्येक पासनंतर जॉब मोजा आणि तोच आकडा घाला.

फोर्सची खातरजमा पॉवरवरून होते. टँजेन्शियल फोर्स (व्हीलच्या फिरण्याच्या दिशेतला) १० न्यूटन × ३० मी/से = ३०० वॅट; काढलेलं मटेरियल १० घन मिमी/से, म्हणजे ३० ज्यूल/घन मिमी. कूलंट चालू ठेवून हवेत फिरतानाची पॉवर आधी वजा करा, नाहीतर कूलंटचं ओढणंच फोर्स म्हणून मोजाल.

भोसरी_शॉपफ्लोअर
नॉर्मल-टँजेन्शियल गुणोत्तर पास गणिक चढतंय, आणि सिग्नल सेकंदाला ४८ वेळा वर-खाली होतो.

चिंचवड_टूलरूम
४८ म्हणजे व्हीलचेच फेरे, २८६५ आरपीएम. रनआउट आहे, म्हणजे व्हील केंद्रावर गोल फिरत नाही, एकाच बाजूने कापतंय; ट्रूइंग करून ते गोल करा. चढणारं गुणोत्तर म्हणजे कण बोथट झालेत. पांढरी अल्युमिना स्टिक ओली करून लावा, बाँड (कण धरून ठेवणारं रेझिन) मागे हटून कण उघडे पडतील. कडांसाठी व्हील जिथून बाहेर पडतं तिथे काचेची पट्टी मेणाने चिकटवा. जी कपची उडायची ती पट्टीची उडेल.