टेक्ससमधील खासगी रँचवर नीलगायीची शिकार : जावे का, आणि मस्तक मुंबईत आणता येईल का?

शिवाजीपार्ककर (प्रश्न)

नमस्कार. येत्या जानेवारीत मी महिनाभरासाठी ह्यूस्टनला माझ्या थोरल्या आतेभावाकडे जाणार आहे. दक्षिण टेक्ससमधील एका खासगी रँचवर (गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण जमिनीवर) गाईडसोबत दोन दिवस नीलगायीची शिकार करण्याचे त्यांनी ठरवले असून माझे शुल्कही तेच भरणार आहेत. मी वरळीच्या रेंजवर पंधरा वर्षे कागदी लक्ष्यावर नेमबाजी केली आहे. जिवंत प्राण्यावर मात्र आजवर एकही गोळी झाडलेली नाही. आपल्याकडे ज्या प्राण्याला बंदूक दाखवणेही गुन्हा ठरू शकते, तोच प्राणी तिथे शुल्क भरून मारता येतो, ही गोष्ट माझ्या मनाला अजून नीट पटलेली नाही. भारतीय नागरिक म्हणून तिथे शिकार करणे कायदेशीर आहे का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की, आमच्या दिवाणखान्यात आजोबांच्या काळातील सांबराचे मस्तक आहे, त्याचे मालकी प्रमाणपत्रही आहे. त्याच्या शेजारी लावण्यासाठी नीलगायीचे मस्तक आणता येईल का? आणि जे तिथे प्रत्यक्ष गेले आहेत, त्यांना नंतर काय वाटले, हेही कृपया लिहावे.

बॅलार्ड पिअर

मी आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो, म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो : मस्तक आणू नका. वन्यप्राणी आणि त्यांचे अवयव आपल्या आयात धोरणात मुक्तपणे आणण्याच्या वस्तूंमध्ये मोडत नाहीत, आणि परवानगीशिवाय आणलेली वस्तू विमानतळावर जप्त होऊ शकते. त्याहून मोठी अडचण पुढेच आहे. नीलगाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत आहे आणि त्याच कायद्याच्या कलम ५७ नुसार ज्याच्या ताब्यात असा प्राणी, त्याचे मांस किंवा ट्रॉफी (जतन केलेले मस्तक, शिंगे, कातडे) सापडते, त्याचा ताबा बेकायदेशीर आहे असे न्यायालय गृहीत धरते. तो कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर येतो. शिंगांकडे पाहून ती टेक्ससची की चंद्रपूरची, हे कोणालाही सांगता येत नाही.

पहिल्या प्रश्नाबाबत, शिकारीला बंदी घालणारे कलम ९ भारतातील शिकारीला लागू होते. अमेरिकेत मात्र एक बाब कटाक्षाने सांभाळा. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने बंदूक बाळगणे तिथल्या संघराज्य कायद्याने निषिद्ध आहे. ज्याच्याकडे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना आहे, त्याला त्यातून सूट मिळते. म्हणून टेक्ससचा अनिवासी परवाना हातात पडेपर्यंत भावाच्या रायफलीला हातही लावू नका.

जाता जाता एक विचारतो. सांबराचे प्रमाणपत्र आजोबांच्याच नावावर आहे का? वारसाहक्काने अशी वस्तू मिळाल्यास ९० दिवसांत तशी घोषणा करणे बंधनकारक आहे, आणि ती विकता तर मुळीच येत नाही. बऱ्याच जुन्या घरांत हे राहून गेलेले असते.

ठाणेकर परदेशी

मी कॉर्पस ख्रिस्तीला सहा वर्षे नोकरीत होतो आणि अशा शिकारीला दोनदा गेलो, एकदा केवळ पाहणारा म्हणून आणि एकदा रायफल घेऊन. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

नीलगाय तिथे आली ती प्रामुख्याने किंग रँचमुळे, १९२० च्या दशकापासून. सव्वाआठ लाख एकरांच्या त्या रँचवर सोडलेले कळप पुढे किनारपट्टीच्या झुडपी रानात पसरले आणि आज हजारोंच्या संख्येने मोकळे फिरतात. हरणासारखी त्यांना राज्याची ‘गेम’ प्राणी (ज्यांच्या शिकारीचे नियम राज्य ठरवते) ही मान्यता नाही. परदेशी प्राणी म्हणून त्यांच्यासाठी ठरावीक हंगाम नाही आणि राज्याने घातलेली संख्येची मर्यादाही नाही. जमीनमालकाची परवानगी आणि परवाना असला की झाले. याच कारणाने सगळी जबाबदारी रँचवर आणि तुमच्यावर येते, म्हणून रँच नीट पारखून घ्या. मध्य टेक्ससच्या डोंगराळ भागात अनेक ठिकाणी आठ फुटी जाळीच्या आत काळवीट, ओरिक्स (लांब शिंगांचा आफ्रिकी प्राणी) असे प्राणी ठेवलेले असतात. दक्षिणेतील मोठ्या रँचवर कुंपण गुरांपुरते असते आणि नीलगाय त्याच्या खालून सहज निघून जाते. बंद जाळीतील जनावर मारण्यात मला कधीही गोडी वाटली नाही, आणि तुम्हालाही वाटू नये असे मनापासून वाटते.

सकाळी उंच बैठक असलेल्या ट्रकमधून गाईड कळप शोधतो. नीलगायीची नजर अतिशय तीक्ष्ण असते. मोकळ्या मैदानात ती तुम्हाला तुमच्या आधी पाहते, म्हणून वाऱ्याची दिशा सांभाळत झुडपांच्या आडोशाने बरेच अंतर चालावे लागते. ठरावीक जागी लेंड्या टाकण्याची तिची सवय असल्यामुळे ते ढीग पाहून नराचा वावर ओळखता येतो. मादी बदामी रंगाची आणि बिनशिंगांची असते, तर पोक्त नर निळसर काळा. शिंगे जेमतेम वीतभर, पण मोठा नर अडीचशे किलोच्या आसपास भरतो आणि त्याच्या मानेचे व खांद्याचे कातडे विलक्षण जाड असते. कागदावर दहापैकी दहा मारणाऱ्याला इथे पहिला धक्का बसतो, कारण हृदय आपण समजतो त्याहून खाली आणि पुढे असते. गोळी थोडी मागे लागली तर नर उभाही राहत नाही, सरळ काटेरी रानात शिरतो. मी मारलेल्या नराच्या मागावर आम्ही जवळजवळ तीन तास होतो. रक्ताचे थेंब शोधत वाकून चालताना मला एकच गोष्ट जाणवत होती, की हा माझ्या घाईचा परिणाम आहे. शेवटी तो सापडला, पण ते तीन तास मी अजून विसरलेलो नाही. जखमी जनावर सापडले नाही तरी पूर्ण शुल्क घेण्याची तिथे सर्रास पद्धत आहे आणि ती मला योग्य वाटते. तुम्ही गेलात तर खांदा स्पष्ट आणि आडवा दिसेपर्यंत गोळी झाडू नका. गाईड कितीही आग्रह करो.

मांस मात्र वाया जात नाही. ते चरबी अगदी कमी असलेले, उत्तम प्रतीचे असते आणि आम्ही ते वर्षभर पुरवून खाल्ले.

जागली 

मी मूळची वर्धा जिल्ह्यातील, सध्या कांदिवलीत राहते. आमच्याकडे या जनावराला रोही म्हणतात. हरभरा घाट्यावर आला की माझे वडील अजूनही शेतात जागल करतात, कारण रोह्यांचा एक कळप एका रात्रीत एकराचे पीक तुडवून जातो आणि नुकसानभरपाई मिळेपर्यंत पंचनाम्याच्या फेऱ्या संपत नाहीत. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगायीला वर्षभरासाठी उपद्रवी प्राणी, म्हणजे मारण्याची मुभा असलेला, घोषित केले होते, तेव्हा आमच्या गावातही त्यावर खूप चर्चा झाली. तरीही वडील म्हणाले होते की, पीक वाचले पाहिजे हे खरे, पण गाभण मादी मारलेली मला पाहवणार नाही. शुल्क भरून मस्तकासाठी मारणे आणि पोट वाचवण्यासाठी मारणे यांत मला फरक वाटतो, आणि तो प्रश्नकर्त्यांनी स्वतःशी तपासून पाहावा, एवढीच विनंती आहे.

आरे कॉलनी

मी या सहलीच्या विरोधात आहे. ‘शिकारीमुळेच प्राणी टिकतात’ असे समर्थन या विषयावर हमखास केले जाते, म्हणून त्याबद्दल लिहिते. ओरिक्सच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, हे मान्य करते. तलवारीसारख्या वळलेल्या शिंगांचा हा सहारातील प्राणी २००० साली जंगलातून नामशेष घोषित झाला, तेव्हा टेक्ससच्या रँचवर तो मोठ्या संख्येने होता. २०१६ पासून चाडमध्ये त्याचे पुनर्वसन सुरू झाले आणि २०२३ मध्ये त्याची नोंद ‘जंगलातून नामशेष’ वरून ‘धोक्यात’ अशी बदलली. पण नीलगाय भारतात दुर्मीळ नाही, तिला टेक्ससच्या शुल्काने वाचवण्याची गरज नाही. ते समर्थन इथे उसने आणू नये.

ठाणेकर परदेशी

आरे कॉलनी, हे मला मान्य आहे. नीलगायीच्या शिकारीचे कारण तिथे वेगळे आहे. गुरांना ताप आणणारी गोचीड अमेरिकेने १९०६ पासून मोहीम राबवून जवळजवळ हद्दपार केली. ती आता रिओ ग्रांदे नदीलगतच्या पट्ट्यात रोखून धरलेली आहे. नीलगाय ती गोचीड अंगावर घेऊन लांबवर फिरते, म्हणून तिची संख्या मर्यादित ठेवणे तिथल्या पशुपालकांना आवश्यक वाटते. प्रतिबंधित भागातून कातडे बाहेर नेण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी लागते, तेही रँचला आधीच विचारून ठेवा.

शिवाजीपार्ककर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रमाणपत्र खरोखरच आजोबांच्या नावावर आहे. उद्याच वनविभागाकडे चौकशी करतो. मस्तकाचा विचार सोडला आहे. भावाला कळवले आहे की पहिल्या दिवशी मी केवळ गाईडसोबत चालेन आणि रायफल घ्यायची की नाही ते त्या रात्री सांगेन. माझा जन्म १९७८ चा आहे, तर परवान्याआधी काही प्रशिक्षण लागते का?

ठाणेकर परदेशी

हो. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्ससमध्ये शिकारी-प्रशिक्षण अनिवार्य आहे. सज्ञान व्यक्तीला एकदाच त्यातून तात्पुरती सवलत मिळते, पण ती घेऊ नका. प्रशिक्षण पूर्ण करूनच जा.