मानधन नसलं तरी गाणं कोणाचं?

"कोणालाच पैसे मिळत नाहीत, तर गाणी संस्थेची समजू या" अशी सूचना हौशी नाट्यसंस्थेच्या नाटकासाठी केलेल्या गाण्यांबद्दल आली आहे; ती मला साफ नामंजूर आहे. फुकट काम करणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. गीतकार-संगीतकारांनी लेखी हस्तांतर केलं नसेल तर गाणं सहसा त्यांचंच राहतं. संस्थेला हवी असते ती फक्त वापराची परवानगी. ती एका पानात मावते: कोणती गाणी, किती प्रयोग, कोणत्या तारखेपर्यंत, चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचं की नाही. या शेवटच्या कलमावरून हमखास खटके उडतात, कारण प्रयोग संपतो आणि व्हिडिओ राहतो.

वाटणीचा कागद, म्हणजे गाण्यात कोणाचा किती टक्के वाटा हे लिहिलेला कागद, गाणं पुरं झालं त्याच दिवशी करा. शब्द ५०, चाल ५० अशी सुरुवात ठीक. बेरीज १००च हवी. खरी गुंतागुंत तालमीत होते. दिग्दर्शक ध्रुवपदातली एक ओळ बदलतो, पेटीवर बसलेला अंतऱ्याआधी आठ मात्रांचा तुकडा घालतो. हे सहलेखन की नुसतं संयोजन, म्हणजे तयार गाण्याची वाद्यांसह मांडणी? माझ्या मते एखादी ओळ सुचवल्याने वाटा मिळू नये, श्रेयनामावलीत नाव मात्र जरूर यावं. प्रत्येक आवृत्तीचं मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण तारखेसह जपून ठेवा. कोणाची भर कधी पडली ते त्यातूनच कळतं.

कोणी मधेच गट सोडला तर त्याचं गाणं ठरलेल्या प्रयोगांपुरतंच वापरायचं, पुढच्या खेपेला पुन्हा विचारायचं, हेही परवानगीच्या त्याच पानावर लिहा. तिकीट लावणार असाल तर खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेतला गाण्यांचा टक्का पहिल्या तालमीआधीच ठरवा.