लिनक्सची सुरुवात टर्मिनलपासून करावी की डेस्कटॉपपासून?

प्रश्न (अमळनेर):
आमच्या गावच्या वाचनालयातील जुन्या संगणकांवर, दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांसाठी सुट्टीत लिनक्सचा, म्हणजे विंडोजसारख्याच पण मोफत मिळणाऱ्या संगणक प्रणालीचा, वर्ग घेण्याचे ठरले आहे. माझे सहकारी म्हणतात की पहिल्या दिवसापासून टर्मिनलच, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याची खिडकीच, शिकवावी, नाहीतर मुलांच्या हातून माउस सुटणार नाही. मला मात्र वाटते की काळ्या पडद्यावरचा नुसता लुकलुकणारा कर्सर पाहून निम्मी मुले वर्गाकडे पाठ फिरवतील. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (भुसावळ):
सर, आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला पटते. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या उबुंटूने 2011 साली ग्नोमऐवजी युनिटी हा डेस्कटॉप (माउसने वापरायचा चित्रमय पडदा) दिला आणि 2017 साली पुन्हा ग्नोम आणला; दोन्ही वेळा वापरणाऱ्यांना नव्याने सवय करावी लागली. फोल्डरमधील फाइलींची यादी दाखवणारी टर्मिनलमधील 'एलएस' ही आज्ञा मात्र 1971 च्या युनिक्समध्येही (लिनक्स जिच्या धर्तीवर बनले त्या जुन्या प्रणालीत) होती. शिवाय पुढे सर्व्हरवर (इतर संगणकांना सेवा पुरवणाऱ्या संगणकावर) काम करायचे झाले, तर तिथे बहुधा डेस्कटॉप बसवलेलाच नसतो.

उत्तर (शहादा):
भुसावळच्या भाऊंचा मुद्दा नोकरीच्या दृष्टीने रास्त आहे, पण या वयाच्या मुलांना आधी संगणक आपलासा वाटला पाहिजे. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्या, ती जुन्या यंत्रांना फारशी जड जात नाही. मुलांना फाइल जतन करणे आणि मराठी टंकणे जमू लागले की फाइल मॅनेजरच्या शेजारीच टर्मिनलची खिडकी उघडून द्या. होम फोल्डर समोर ठेवून 'एमकेडीआयआर' (नवा फोल्डर बनवण्याची आज्ञा) आणि पुढे 'केळी' असे नाव लिहून एंटर दाबले की शेजारच्या खिडकीत त्या नावाचा फोल्डर लगेच उमटतो, आणि दोन्हीकडे एकच काम चालले आहे हे वेगळे समजवावे लागत नाही. नाव रोमन अक्षरांतच लिहायला सांगा, कारण टर्मिनलमध्ये देवनागरीच्या मात्रा आणि जोडाक्षरे बरेचदा विस्कटलेली दिसतात. लहान आणि मोठी रोमन अक्षरे लिनक्स वेगळी मानतो, हेही सुरुवातीलाच सांगावे. पहिल्या आठवड्यातील निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. टॅबची सवय तर अवश्य लावा, नावाची पहिली काही अक्षरे लिहून ती कळ दाबली की उरलेले नाव आपोआप पुरे होते.

प्रश्नकर्ता (अमळनेर):
हे पटले. परंतु टर्मिनलमध्ये मुलांनी चुकून काही पुसले तर?

उत्तर (शहादा):
ती काळजी योग्यच आहे, कारण 'आरएम' या पुसण्याच्या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. म्हणून सरावासाठी वेगळा फोल्डर ठेवा, 'आरएम' सोबत 'उणे आय' लिहायला शिकवा, म्हणजे प्रत्येक फाइल पुसण्याआधी विचारणा होते. आणि मुलांची खाती प्रशासकाच्या अधिकारांशिवाय तयार करा.